न उघडलेल्या शिंपल्या

रजाकारांच्या आधीची, निजामाच्या राज्यातली गोष्ट. भाऊ मुंबईला गोदीत कामाला होता. तिथंच त्यानं रत्नागिरीकडच्या पोरीशी लग्न केलं आन तिला आमच्या गोदाकाठच्या गावी आणलं. मला वैनी पहिल्या दिवसापासून पटली न्हाई, खोटं कशाला बोलू? ती गोड बोलली की मला वाटायचं, हिच्या पोटात दुसरंच काहीतरी आहे.

एकदा भाऊ सुट्टीवर घरी आला होता, तवा तिनं नदीच्या वाळूतून टोपलंभर शिंपल्या वेचून आणल्या. आम्ही शिंपल्यानं लेकराला गुटी पाजणारी माणसं; आतलं खातात हे कुणाला ठाऊक?

"आमच्याकडे तिसऱ्या मिळतात, वन्सं. याहून लहान आणि टणक," वैनी म्हणाली. "एक शिंप काढून टाकायची, दुसरीत मांस राहू द्यायचं आणि खोबऱ्याच्या वाटपात शिजवायचं. याला एकशिपी म्हणतात."

उकळत्या पाण्यात शिंपल्यांनी तोंडं उघडली. पाच-सहा तशाच मिटलेल्या राहिल्या. त्या तिनं गुपचूप चुलीमागं सारल्या. माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्या घरी उघडं राहिलेलं अन्न खात न्हाईत. त्यात कुणी काय घालंल, काय नेम? मंग उघड्या आम्हाला, आन झाकलेल्या चांगल्या हिच्या एकटीला? माझा भाऊ काय वाऱ्यावर सोडलाय? ती पाण्याला गेली तशी मी विळीनं त्या मिटलेल्या फोडल्या, कालवणात उकळल्या आन नेमक्या भावाच्या ताटात वाढल्या.

संध्याकाळपासून भावाला उलट्या-जुलाब. तीन दिवस जिवाची शाश्वती न्हवती. माय म्हणाली, "करणी केली या बयेनं. माझ्या लेकराला खाऊन राह्यली." भाऊ उठून बसला, पण बायकोची बाजू घेतली न्हाई. वैनीला माहेरी धाडायचं ठरलं. मला खरं कळलंच न्हवतं. मी मनात म्हणाले, बरी खोड मोडली.

बैलगाडीत बसताना तिनं मला जवळ बोलावलं.

"वन्सं, शिजवूनही ज्या उघडत नाहीत त्या आधीच मेलेल्या असतात. मी त्या फेकणार होते. विळीचा वास आला तेव्हाच कळलं मला."

मी विचारलं, "मंग मायला सांगितलं का न्हाई?"

"तुमचं लग्न व्हायचंय अजून. भावाच्या ताटात विष वाढणारी म्हणून नाव झालं असतं, तर कुणी करून नेलं असतं तुम्हाला?"

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. वैनीला आणायला कुणी गेलं न्हाई, आन मी मायला काही सांगितलं न्हाई.