साहेबांची थाई करी

कुणीही डबा उघडला की त्याचा हात पुढे यायचा. विचारणं वगैरे काही नाही. आपल्याच पोळीचा तुकडा मोडायचा, आपल्याच भाजीत बुडवायचा, तोंडात टाकायचा, आणि नीट चावून व्हायच्या आत निकाल द्यायचा. "मीठ कमी." नाहीतर "फोडणी करपली." फारच मेहेरबान असला तर "चालेल." चाकणच्या आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये मी त्याच्यासमोर कित्येक वर्षं जेवले, पण 'छान' हा शब्द त्याने दुसऱ्या कुणासाठी वापरलेला मला आठवत नाही.

तो खरेदी विभागाचा प्रमुख. कंपनीत त्याला साहेब म्हणावं लागे, अहोजाहो करावं लागे. इथे मला ती सक्ती नाही, म्हणून मी 'तो'च म्हणणार आहे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. नसेल तर नशीबवान आहात.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आपल्याला हे नवीन नाही." नवं मशीन आलं, नवा कायदा आला, कुणाला जुळी मुलं झाली, काहीही असो, ते त्याला नवीन नसायचं. एकदा माझ्या क्वालिटी विभागातल्या मुलीने सुट्ट्या भागांतला एक दोष शोधून काढला. तिचं अर्धं बोलणं ऐकून तो हे वाक्य बोलला आणि निघून गेला. महिन्याभराने तोच दोष त्याने मीटिंगमध्ये स्वतः शोधल्यासारखा मांडला. आम्ही ऐकत बसलो. आम्हालाही ते नवीन नव्हतं.

एका वर्षी परदेशी ऑर्डर वेळेत गेली म्हणून कंपनीने आम्हा काही जणांना सहकुटुंब थायलंडला नेलं. माझ्या नवऱ्याला रजा मिळाली नाही, मी एकटीच गेले. त्याच्याबरोबर त्याची बायको होती. निगडीला प्राधिकरणात त्यांचा बंगला. वहिनींना मी आधी एकदोनदाच पाहिलं होतं, तेही त्याच्या मागे चार पावलं. त्या फारसं बोलत नसत. त्यांना बोलायला जागाच मिळत नसे, हे मला तिकडे कळलं.

एक दिवस मोकळा होता. बहुतेक मंडळी बोटीने बेटावर जाणार होती. आम्ही काही बायकांनी स्वयंपाकाच्या वर्गात नाव घातलं होतं. बाजारहाट करायचा, मग आपापल्या शेगडीवर आपण रांधायचं आणि रांधलेलं खायचं, असा तो वर्ग. सकाळी हॉटेलच्या दारात पाहते तर हाही तयार. म्हणाला, समुद्र आपल्याला नवीन नाही. गाडीत वहिनी माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "बोटीची भीती वाटते त्यांना. सांगू नका कुणाला." मी सांगितलं नाही. आज सांगते आहे.

शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, काटक, केसांचा उंच बुचडा बांधलेल्या. इंग्रजी मोडकंतोडकं, पण हातांनी सगळं समजावायच्या. आधी त्यांनी आम्हाला भाजीबाजारात नेलं. गवती चहाची जुडी उचलून दाखवली. झालं, त्याची कळी खुलली. हा आमच्याकडे चहात घालतात, भाजीत घालणं चूक आहे, असं त्याने त्या बाईंना त्यांच्याच देशात, त्यांच्याच बाजारात ठणकावून सांगितलं. बाई हसल्या. मग त्यांनी आल्यासारखं दिसणारं एक पांढरट मूळ आमच्या हातावर ठेवलं आणि हे आलं नव्हे, असं मुद्दाम सांगितलं. तो म्हणाला, आलंच आहे. त्यांनी मूळ मोडून त्याच्या नाकाशी धरलं. वास अगदी वेगळा होता, थोडा औषधी. तो म्हणाला, "जुनं आलं."

वर्गात प्रत्येकासमोर शेगडी, कढई आणि दगडी खलबत्ता होता. मिरच्या, लसूण, गवती चहा, ते मूळ, सगळं कुटून वाटण करायचं होतं. आम्ही कुटायला लागलो. याने आपला खलबत्ता वहिनींपुढे सरकवला आणि मोबाईल काढून स्वतःचं चित्रीकरण सुरू केलं. कमरेला एप्रन, एका हातात झारा, मागे दोन्ही खलबत्ते कुटणारी बायको. बायको चित्रात येऊ नये म्हणून तो सारखा कोन बदलत होता.

बाईंनी ते पाहिलं. त्यांनी वहिनींच्या हातातला बत्ता घेतला, त्याच्या हातात दिला आणि बोटाने त्याच्या छातीकडे खूण केली. तुम्ही. आता सगळे पाहत होते म्हणून त्याने बत्ता उचलला आणि लोखंड कुटावं तसा हाणला. मिरचीचा रस थेट डोळ्यात गेला. असा माणूस ओरडतो कसा, याचं मला कुतूहल होतं. तो अगदी लहान मुलासारखा ओरडला. बाईंनी त्याला हाताला धरून नळाशी नेलं, स्वतःच्या ओंजळीने डोळे धुतले, वर पंख्याखाली बसवलं. मला क्षणभर वाईट वाटलं. मग डोळे पुसत तो म्हणाला की मिरचीचा दर्जा खराब आहे, आपण असा माल गेटवरूनच परत पाठवतो. माझं वाईट वाटणं तिथेच संपलं.

त्या दिवशी अजून एक गोष्ट झाली, ती नीट ऐका. करीमध्ये मीठ घालायच्या वेळी बाईंनी प्रत्येकासमोर येऊन दोन बाटल्या दाखवल्या. एकीत माशाचं खारवलेलं पाणी. त्यांच्याकडे ते मिठासारखं सगळ्यात घालतात. दुसरी शाकाहारी लोकांसाठी, सोयाबीनची. आमच्यात मासे न खाणाऱ्या दोघीतिघी होत्या, म्हणून त्यांनी ते पुन्हा पुन्हा सांगितलं. झाकण उघडून प्रत्येकाला वास घ्यायला लावला. त्यानेही घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. म्हणजे त्याला माहीत होतं. हे अगदी पक्कं माहीत होतं.

वहिनींची करी उत्तम झाली. त्याच्या कढईतली बाईंनीच सावरून दिली. फोटो त्याने वहिनींच्या वाडग्याचा काढला आणि स्वतःचा म्हणून कंपनीच्या ग्रुपवर टाकला. वहिनींना मात्र त्या दिवशी मी पहिल्यांदा मोकळेपणी हसताना पाहिलं. बाईंना आणि त्यांना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी दोघी कोथिंबिरीची मुळं कशी धुवायची यावर बराच वेळ काहीबाही बोलत होत्या. निघताना बाईंनी वहिनींना मिठी मारली. तो गाडीत बसून हॉर्न वाजवायला सांगत होता.

परत आल्यावर त्याचं थायलंड काही संपेना. कँटीनच्या आचाऱ्याला थाई स्वयंपाकाचे धडे, माझ्या डब्यातल्या आमटीला थाई दृष्टीने दोष. आणि मग आला नानांचा निरोप समारंभ.

नाना आमच्या प्रेस शॉपमधले. चाकणजवळच्याच गावातले. त्यांच्या गावाच्या शेतांवर कारखाने उभे राहिले, त्यातल्या एकात त्यांनी आयुष्य काढलं. गळ्यात तुळशीची माळ. शिफ्टमध्ये कुणाच्या घरचं काही आलं तर हसून हात जोडायचे आणि आपली भाकरी खायचे. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्यासाठी कँटीनमध्ये जेवण ठरलं. पुरी, बटाट्याची भाजी, जिलेबी. प्लांट हेड येणार होते, म्हणून याने जाहीर केलं की एक पदार्थ तो स्वतः करून आणणार. थाई करी, शुद्ध शाकाहारी, खास नानांसाठी.

करी अर्थातच वहिनींनी केली होती. पहाटे उठून. मोठं पातेलं गाडीत मांडीवर धरून त्या निगडीहून चाकणला आल्या. पातेलं आत नेऊन ठेवलं आणि त्या ताटं मांडायला बाहेर आल्या. मी पाण्याचा जग भरायला आत गेले तेव्हा तो पातेल्यापाशी एकटा होता. ढवळत होता. मला वास आला. ज्या वासाला त्याने तिकडे तोंड वेडंवाकडं केलं होतं, तोच. ओट्यावर तिकडची ती बाटली होती.

मी विचारलं, यात हे घातलंत का. तो दचकला नाही, हे माझ्या आजही लक्षात आहे. आवाजही खाली आणला नाही. म्हणाला, त्याशिवाय ती चव येत नाही, हिची सपक झाली होती, आणि प्लांट हेड बाहेर राहून आलेत, त्यांना कळतं. मी म्हटलं, नाना माळकरी आहेत.

"कुणाला कळतंय," तो म्हणाला.

मी पातेल्यावर झाकण घालायला पुढे झाले. तोवर त्याने ते आत आलेल्या आचाऱ्याच्या हातात देऊन बाहेर पाठवलंही होतं. मी मागोमाग गेले. वाटेत वहिनी भेटल्या. मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्या तशाच माघारी वळल्या. तोपर्यंत नानांच्या ताटात वाटी पोचली होती. त्यांनी वाटीकडे पाहून नेहमीच्या नम्रपणे विचारलं, "साहेब, यात तसलं काय न्हाई ना?"

"शंभर टक्के व्हेज, नाना. मी स्वतः केलंय."

नानांनी पुरीचा तुकडा मोडला. मी टेबलाच्या पलीकडे होते, मला वळसा घालून जावं लागलं असतं. वहिनी जवळ होत्या. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी वाटीवर पालथा हात ठेवला.

"नाना, हे खाऊ नका. यात माशाचं पाणी आहे. घरून आणलं तेव्हा नव्हतं, आता आहे."

आधीच जेवायला लागलेले एकदोघे उठून नळाकडे गेले. प्लांट हेडनी वाटी बाजूला सरकवली आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने हसायचा प्रयत्न केला. बायकांना यातलं कळत नाही, हिचा काहीतरी गैरसमज झालाय, असं सुरू केलं. मी सांगितलं की बाटली आत ओट्यावर आहे, मी पाहिली आहे. तेव्हा त्याचा सूर बदलला.

"थेंबभर तर आहे," तो म्हणाला. "नाना, औषध समजा."

नानांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. ते रागावले नव्हते. निदान तसं दिसत नव्हतं. म्हणाले, "औषध आजाऱ्याला देत्यात, साहेब. मी बरा हाय."

मग ते उठले, हात धुऊन आले आणि नवं ताट मागून घेतलं. शेजारची खुर्ची ओढून वहिनींना म्हणाले, "तुमी बसा हितं, ताई. सकाळपास्नं उभ्या हायसा. माझ्यासंगं जेवा." वहिनींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. तो हातात पळी घेऊन तसाच उभा होता. त्या बसल्या. पुरी मोडून जेवायला लागल्या.

तुम्हाला वाटेल त्याला शिक्षा झाली असेल. कंपनीत अशा गोष्टींना शिक्षा नसते. झालं ते एवढंच की शॉपमधल्या लोकांनी त्याला घरी बोलवणं बंद केलं. आधी कुणाची वास्तुशांत असो, बारसं असो, साहेब पाहिजेतच असायचे. मोशीपासून मारुंजीपर्यंत सगळीकडे त्याला मानाने नेत आणि तो तिथेही 'मीठ कमी' म्हणून येई. आता आमंत्रणं त्याच्या टेबलाला वळसा घालून जाऊ लागली. कुणी उलट बोललं नाही, कुणी काम अडवलं नाही. त्याला हे लागलं असावं, कारण तो मला एकदा म्हणाला की हल्ली या लोकांत काही राम राहिला नाही. पण आपण काय केलं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं असं मला वाटत नाही. एकदा लिफ्टमध्ये मी सरळच विचारलं, नानांची माफी मागितलीत का. तो खरोखर गोंधळला. म्हणाला, "कशाबद्दल?"

पुढच्या उन्हाळ्यात त्याला गुजरातमध्ये कुठेतरी नोकरी मिळाली आणि तो गेला. वहिनी निगडीतच राहिल्या. मुलीची परीक्षा आहे असं कारण सांगितलं गेलं. मुलीची परीक्षा होऊन गेली, तरी त्या गेल्या नाहीत. त्याच्या केबिनमध्ये आता एक तरतरीत बाई बसतात. त्या एखादी गोष्ट माहीत नसली की तसं सांगतात. पहिले काही दिवस आम्हाला त्याची सवय करून घ्यावी लागली.

गेल्या महिन्यात मी बहिणीकडे निगडीला गेले होते. सकाळी टिळक चौकाजवळ सिग्नलला माझी रिक्षा थांबली, तर शेजारच्या स्कूटरवर वहिनी. हेल्मेट, पंजाबी ड्रेस, वावरण्यात मोकळेपणा आलेला. मागे तो. रात्रीच्या बसने आलेला असावा, कारण मांडीवर बॅग घट्ट धरली होती आणि दाढी वाढली होती. पूर्वीपेक्षा बारीक झाला होता. मेसचं जेवण मानवत नसेल. मला कुणीच पाहिलं नाही.

तो सूचना देत होता. क्लच नसला तरी गाडी कशी धरावी, आरशात केव्हा पाहावं, वळताना आधी काय करावं. वहिनी समोर पाहत होत्या. सिग्नल हिरवा झाला. सगळ्या गाड्या निघाल्या, त्यांची हलली नाही. वहिनींनी इंजिनच बंद केलं आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकून शांत बसून राहिल्या. मागून हॉर्न सुरू झाले, एक टेम्पोवाला खिडकीतून डोकं काढून काहीतरी बोलला. तो आधी जोरात बोलला, मग हळू, मग नुसतंच इकडेतिकडे पाहू लागला.

तो पूर्ण गप्प झाला तेव्हा वहिनींनी गाडी सुरू केली.