समोरच्या दारातले भाऊ

जर्सी सिटीत आमच्या समोरच्या दारात राहणारे भाऊ लिफ्टमध्येही कुजबुजतात. आहेत नागपूरचे, पण फोनवर बोलताना तोंडावर हात धरतात. मी हाक मारली की म्हणतात, "ताई, हळू. भिंती पातळ आहेत ना इथल्या." गाडीचा हॉर्न त्यांनी वाजवलेला मी कधी ऐकला नाही.

माझ्याकडे राहायला आलेली आई भारतात परतण्याआधी त्यांनी आम्हाला इथल्याच एका जपानी मंदिरातली मोठी बुद्धमूर्ती दाखवायला नेलं. पक्षाघातानंतर आईची जीभ अडखळते. त्या मूर्तीसमोर स्वतःच्या तोंडाने त्रिशरण म्हणायचं, एवढंच तिला हवं होतं.

मूर्ती दोन मजली उंच होती. सगळे हात जोडून गप्प उभे होते. आईने सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीवर अडकली. मी शब्द सांगायला गेले, तर तिने माझा हात झटकला. तिला आठवत होतं, फक्त ओठांवर येत नव्हतं.

तेव्हा भाऊंनी विहारात म्हणतात तसं, खणखणीत आवाजात पहिल्यापासून सुरू केलं. लोक वळून पाहू लागले. ते थांबले नाहीत. त्यांच्या आवाजाला धरून आईचा आवाज निघाला आणि शेवटपर्यंत टिकला.

घरी परतताना लिफ्टमध्ये आई म्हणाली, "एवढा आवाज... कुठं लपवला होता रे?"

"मावशी, हळू," भाऊ कुजबुजले.

मी त्यांना जेवायला थांबवून घेतलं.