उजव्या हाताची फळी

डावऱ्याने विकत घेतलेलं सलून पाहून त्याच्या बायकोने कपाळावर हात मारला. मारेल नाही तर काय! एक खुर्ची, एक आरसा, दाराशी बाकडं, आणि दुकान एवढं अरुंद की दोन जाडी माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरायचं. पण दुकान काकांचं होतं. अख्ख्या गल्लीच्या दाढ्या काकांनी केल्या होत्या, कित्येकांची पहिली मिसरूड त्यांच्याच हातून उतरली होती. दुसऱ्यांच्या दुकानात पगारावर उभं राहून पाय मोडून घेतलेल्या डावऱ्याला आणखी काय हवं होतं? होतं नव्हतं ते सगळं त्याने त्यात घातलं.

“पण विकताय का, काका?” त्याने विचारलं होतं.

“कंटाळा आला रे उभं राहून. फक्त एक कर. माझ्या दुकानात काही हलवू नकोस.”

“खिळासुद्धा हलणार नाही, काका.”

आता असा शब्द देताना गड्याने जरा तरी डोकं चालवायचं! वस्तरा, ब्रश, तुरटी, फेसाची वाटी ठेवायची फळी खुर्चीच्या उजव्या बाजूला भिंतीत ठोकलेली, कारण काका उजव्या हाताने काम करायचे. आणि आपला हा पठ्ठ्या डावखुरा, म्हणून तर डावऱ्या. तो उभा राहणार खुर्चीच्या डावीकडे, आणि दरवेळी वस्तरा घ्यायला गिऱ्हाइकाच्या नाकासमोरून हात लांबवणार. डोळे मिटून पडलेला माणूस एकदम दचकायचा. एकजण तर गालावर फेस तसाच घेऊन उठला, म्हणे गॅस चालू राहिलाय घरी.

त्यात काका. दुकान विकलं तरी रोज सकाळी येऊन बाकड्यावर बसायचे. जुनी गिऱ्हाइकं त्यांना बघून खूश! “काका, परत कधी उभे राहताय?” काका हसून म्हणायचे, “बघू.” झालं! त्या ‘बघू’वर माणसं थांबून राहिली. यायची, काकांशी गप्पा मारायची, पेपर चाळायची आणि दाढी खाजवत निघून जायची. समोरचा पेपरवाला तर उघड म्हणायचा, “चांगले धडधाकट काका, ह्याने गोड बोलून दुकान लाटलं त्यांचं.”

“त्यांना सांगा की, नका येऊ म्हणून,” बायको घरी चिडायची.

“कुठल्या तोंडाने सांगू?”

खरंच, त्याची जीभच उचलत नव्हती. कारण त्याने एक गोष्ट पाहिली होती. काका चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरायचे, ऐन उन्हाळ्यात, आणि वर म्हणायचे की बोटं गार पडलीत. आणि त्यांच्या हनुवटीवर रोज एखादा नवा काप असायचा, वर तुरटीचा पांढरा डाग. जन्मभर लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवलेला माणूस, आणि स्वतःच्या आरशापुढे त्याची ही गत! डावऱ्याला फार वाईट वाटायचं. एकदा दुकानात कोणी नाहीसं बघून तो हळूच म्हणाला, “काका, बसा ना. मी करून देतो.”

“माझी मी करतो!” काका कडाडले. “दुसऱ्याचा हात कधी लागू दिला नाही मी माझ्या गालाला.”

पुन्हा त्याने विषय काढला नाही.

एक दिवस बायको डबा घेऊन आली. रिकाम्या खुर्चीकडे बघून तिने आवाज खाली केला. “आधी पगारावर होतात त्या मालकाचा निरोप आलाय. परत कामावर या म्हणतोय.”

डावऱ्या बराच वेळ खुर्चीचा हात पुसत राहिला. “जातो म्हणून कळव,” तो म्हणाला. “दुकानाला टाळं लावू. नाही चालत माझ्याच्याने.”

बाकड्यावर काका पेपर धरून बसले होते. पेपर थरथरत होता. तो बाकड्यावर टाकून ते उठले आणि निघून गेले. मग दोन-तीन दिवस फिरकलेच नाहीत.

रविवारी आले ते दाढीचे खुंट वाढवून. बाकडं भरलेलं होतं. पेपरवाला ओरडला, “या काका! आज तरी घ्या वस्तरा हातात!”

काका सरळ चालत गेले आणि खुर्चीत बसले. त्यांनी उजवा हात उचलून सगळ्यांसमोर धरला. हात लटलटत होता.

“बघून घ्या. म्हणून विकलं दुकान. ह्याने काही लाटलं नाही माझं. सांगायची लाज वाटली, म्हणून तुम्हाला ‘बघू, बघू’ म्हणत राहिलो आणि ह्याच्या पोटावर पाय आणला.” मग त्यांनी मान मागे टेकली. “कर रे बाबा.”

डावऱ्याने गरम पाण्याने त्यांचे गाल भिजवले. बोटांना जुन्या कापांच्या खपल्या लागत होत्या. आज हात जराही हलू द्यायचा नव्हता. त्याने वस्तऱ्यासाठी नाकासमोरून हात लांबवला तसा काकांनी एक डोळा उघडला.

“हे काय रे? तोंडावरून कसला जातोस?”

“फळी तिकडे आहे ना, काका. तुम्हीच म्हणालात, काही हलवू नकोस.”

काकांनी डोळा मिटून घेतला. वस्तरा कानाखालून, हनुवटीवरून, गळ्यावरून अलगद उतरत गेला. कुठेही रक्ताचा ठिपका आला नाही. शेवटी काकांनी गालावरून उलटा हात फिरवला, दोन्ही बाजूंनी. शाबास वगैरे काही म्हणाले नाहीत. उठले, बाकड्याखालच्या पेटीत खुडबुड केली आणि हातोडा काढला.

“मी धरतो फळी,” पेपरवाला ओशाळून पुढे आला. “पण नंतर माझी दाढी हं.”

काकांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डावऱ्या रीतीप्रमाणे उजवा हात पुढे करत होता. तो बाजूला सारून काकांनी हातोडा त्याच्या डाव्या हातात दिला.

“काढ ती फळी,” ते म्हणाले. “तुझ्या बाजूला ठोक.”