मामांची ऑर्डर

इंग्रज सरकारनं ह्या देशातून काय काय लुटून नेलं, ह्याचा पाढा आमची पत्रकं रोज वाचतात. त्यातली चार मी स्वतः लिहिली आहेत आणि त्यातलं एक अक्षर मागं घ्यायला मी तयार नाही. पण उलट्या दिशेनंही एक लूट झाली आहे, ती मात्र कुठल्याच पत्रकात आलेली नाही. शहापूरच्या विणकर गल्लीत राहणाऱ्या माझ्या आत्तीच्या यजमानांनी इंग्रजांचा एक अख्खा शब्द भरदिवसा उचलून आणला आणि तो इतका राबवला, की उद्या खुद्द मालक परत न्यायला आला तरी त्याला तो ओळखू येणार नाही. आमच्याकडं आत्तीच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. तेव्हा ह्या मामांनी आणलेला शब्द म्हणजे ऑर्डर.

तरुणपणी कुणाच्या तरी बांधाच्या भांडणात साक्षीदार म्हणून मामा चिकोडीच्या कोर्टात गेले होते. तीन दिवस व्हरांड्यात बसले, साक्ष काही झाली नाही, पण आतून दर अर्ध्या तासाला हा शब्द ऐकू येई आणि तो आला की वकिलांपासून पट्टेवाल्यापर्यंत सगळे सरळ उभे राहत. मामांच्या मनात भरलं. लोक परगावाहून पेढे आणतात, मामांनी ऑर्डर आणली. तेव्हापासून पातळाचं काम आलं की ‘ऑर्डर आली’. पोट बिघडलं की ‘आज आत ऑर्डर न्हाय’. लग्नाच्या पंगतीत मामा वाढप्यांच्या पुढं चालत, ‘ऑर्डरीत बसा रं, पान सरळ घ्या’ असं ओरडत, आणि वऱ्हाडी खरोखरच गुडघे आवळून बसत. शेजारच्या सुनेला मुलगा झाला तेव्हा, ‘वरनंच ऑर्डर हुती,’ असं आभाळाकडं बोट दाखवून सांगितलं. शहापूर संस्थानी आणि त्याला चिकटलेलं बेळगाव इंग्रजी, त्यामुळं मामांच्या मते त्यांच्यावर तीन ऑर्डरी चालत. एक संस्थानची, एक इंग्रजांची आणि एक आत्तीची. पाळली जायची ती तिसरीच.

आता माझी अडचण सांगतो. ही पत्रकं काढणाऱ्या आमच्या समितीनं त्या वर्षी भाषाशुद्धीचं काम हाती घेतलं होतं. घरात घुसलेले परके शब्द हुडकायचे, त्यांना रीतसर हाकलायचं, आणि तेच निपाणी, सदलगा, चिकोडी असं गावोगाव जाऊन लोकांना पटवायचं. हा दौरा मला हवा होता. इतका हवा होता की जेवताना घास हातात धरून मी भाषण म्हणत असे. अध्यक्षांनी, ते निपाणीचे निवृत्त मास्तर होते, अट घातली होती: आधी शहापुरात एक सभा घे, मी ऐकेन, मग ठरवू. आणि मी ज्या घरात राहून, ज्यांचं मीठ खाऊन हे शुद्धीकरण करणार होतो, त्याच घराचा कर्ता माणूस सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत ऑर्डर, ऑर्डर करत होता. मला राग येणार नाही तर काय?

एकदा ते मागावर विणत असताना मी समोर जाऊन बसलो आणि खडसावून सांगितलं, “मामा, आपल्याकडं मागणी आहे, आज्ञा आहे, शिस्त आहे, क्रम आहे, परवानगी आहे, निकाल आहे, प्रकृती आहे. सात स्वच्छ शब्द घरात उपाशी बसलेत आणि तुम्ही ह्या एका उपऱ्याला पोसताय!”

मामांनी सुताचा धावता धोटा थांबवला. नीट विचार केला. मग म्हणाले, “सात जणांचं काम त्यो एकटा करतोय म्हंतोस?”

“व्हय.”

“कधी तक्रार केली?”

“कुणी?”

“त्यानं रं. न्हाय न्हवं? मग तूच तुझ्या कागदात लिवतोस, राबणाऱ्याला कामावरनं काढू नगा म्हणून. आन् घरात येऊन ह्याला काढा म्हंतोस!”

आत्ती चुलीपाशी हसली. मी त्याच दिवशी पाचव्या पत्रकाला हात घातला.

सभेसाठी मी रविवारची सकाळ धरली आणि जागा धरली ती गल्लीतल्या पिंपळाच्या पाराची. मामांना आठ दिवस आधी सांगितलं. “लई माणसं येत्याल?” त्यांनी दोनदा विचारलं. “शंभर,” मी छाती काढून म्हणालो. “मग बेस झालं,” मामा म्हणाले. भाच्याचं कौतुक म्हणून मी ते मनात जपून ठेवलं.

रविवारी सात वाजता बाहेर आलो तर गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, बांबूच्या कैच्यांवर, हिरव्यागार सुताचा ताणा पसरलेला. मागावर चढवायच्या आधी उभ्या धाग्यांना खळ देतात, त्याला पांजणी म्हणतात. ऊन पाहिजे, वारा नको, आणि जागा लांबलचक पाहिजे, म्हणून ती रस्त्यातच होते. मामा हातभर कुंचा घेऊन, ताण्यावरून पुढं-मागं पळत खळ ओढत होते.

“मामा, आज सभा आहे!”

“म्हणून तर आज काढलाय. शंभर माणसं आयती कुठनं मिळाली असती?”

मी जो ओरडलो तो इथं लिहिण्याजोगा नाही. पण ओला ताणा गुंडाळता येत नाही, आणि तेवढ्यात अध्यक्षांची मोटार गल्लीच्या तोंडाशी आलीच. ताणा ओलांडायचा नाही असा रिवाज, म्हणून पांढऱ्याशुभ्र कोटातले अध्यक्ष ओणवे होऊन त्याच्या खालून पाराकडं आले. श्रोते पलीकडच्या बाजूला ओसऱ्यांवर बसले. मी पारावर, लोक तिकडं, मधे मामांचा हिरवा समुद्र.

मी सुरुवात केली. चांगली केली, हे मला आजही म्हणायचं आहे. “बंधूंनो, चोर दारानं आला तर आपण ओरडतो, तो जिभेवरून आला तर?” इथं टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी मान हलवली. दौरा माझ्या हाताला लागतोय असं वाटलं, आणि नेमकं तेव्हाच वारं सुटलं.

आमच्या विणकरांत एक पद्धत आहे. ओल्या ताण्याचा धागा तुटला की जो कुणी जवळ असेल त्यानं हातातलं काम टाकून तो जोडायचा. ताणा कुणाचा हे विचारायचं नाही, ताण्याच्या मालकाशी भांडण असलं तरी. पहिला धागा तुटला आणि पुढच्या ओसरीवरचा म्हातारा उठला. तीन तुटले, सहा जण उठले. मी आवाज चढवला. वाऱ्यानंही चढवला. पाच मिनिटांत माझ्यापुढं एकही श्रोता बसलेला नव्हता. शंभर माणसं ताण्यावर वाकलेली, शंभर मुंड्या खाली, आणि मामा मधून धावत, “वरच्या अंगाला चौघं! ऑर्डरीत चला! सखाराम, गाठ न्हाय, पीळ दे, पीळ!”

मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. “आरं भाषणवाल्या, तोंडाबरुबर हात चालीव की! लहानपणी आत्तीनं काय शिकीवलंय तुला?”

मी उतरलो. काय करणार? दौरा गेलाच होता. डोळे भरून आले होते, आणि भरल्या डोळ्यांना धागा दिसत नाही, म्हणून आधी ते पुसले. जोडता जोडता शेजारी पाहतो तर पांढरा कोट. मामांनी अध्यक्षांच्या हातात कुंचा दिला होता. कोपरापर्यंत खळ, चष्म्यावर खळ, आणि निवृत्त मास्तर एखाद्या शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यासारखे कुंचा ओढत होते. “वरनं खाली, मास्तर. खालनं वर न्हाय. मास्तरांना सांगाय लागतंय व्हय?”

दहा वाजता वारं पडलं. ताणा वाचला. लोक मला, “भाषण झ्याक झालं हां,” असं म्हणून आपापल्या मागावर गेले. अध्यक्ष आत्तीच्या स्वयंपाकघरात पोहे खात होते. मी दाराशी उभा राहून निकालाची वाट पाहत होतो.

“सदलग्यापासून सुरू करा,” ते म्हणाले.

“मी?”

“सभा उठते हो. गावात म्हैस व्यायली तरी उठते. आम्ही आजवर पाठवले ते सगळे मोकळ्या ओसऱ्यांना भाषण ऐकवून परत आले. तुम्ही निदान उतरलात.”

आठ महिने फिरलो. मोटारीनं, बैलगाडीनं, पुष्कळदा पायी. परत आलो तर आत्तीनं दारातच हळू आवाजात सांगितलं, मामांना आता बारीक सूत दिसत नाही. माग चालतो, पण साध्या जाड्याभरड्या कापडाचा. मी आत गेलो. मामा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. पायरव ओळखून म्हणाले, “आलास? आरं, मला एक सांग. त्या दिवशी तू काय बोललास त्ये मला कायबी ऐकू आलं न्हाय. ताणा हुता न्हवं. आता म्हण की.”

“इथं?”

“मग? मी एकटा हाय म्हणून बोलत न्हाईस?”

मी खुंटीला पिशवी अडकवली, भिंतीला टेकून उभा राहिलो आणि सुरुवात केली. बंधूंनो म्हणालो, मग ते बदलून मामा म्हणालो. चोर जिभेवरून आला तर, ह्या वाक्याला त्यांनी मांडीवर थाप मारली. पुढं कुठंतरी, मी अगदी रंगात आलो असताना, त्यांची मान हळूहळू छातीवर उतरली आणि ते बारीक घोरू लागले. हातातला धोटा तसाच होता. आत्तीनं आतून डोकावून मला थांबायची खूण केली.

मी आवाज अगदी खाली आणला, पण भाषण शेवटापर्यंत म्हटलं.