खिडकीकडे बघून हात हलवा

"ती मुलगी नव्हतीच असं बाईंनी लिहून दिलं, तर स्टॉप काढता येईल," निकम सर म्हणाले. मी हेडफोन गळ्यात टाकून त्यांच्या केबिनच्या दारात उभी होते. अमेरिकेहून मिस एडिथचा फोन आला होता आणि त्यांना मी होल्डवर ठेवलं होतं.

सव्हाना हे अमेरिकेतलं एक जुनं शहर. मी ते कधी पाहिलेलं नाही, पण नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या आमच्या ऑफिसात बसून त्याच्या गल्ल्या मला पाठ झाल्या आहेत. आमच्या कंपनीकडे तिथल्या एका टूर ॲपचं काम आहे. पर्यटक कानात हेडफोन घालून चालत राहतो आणि ठरलेल्या जागी पोचला की ॲप बोलू लागतं. त्या जागेला आम्ही स्टॉप म्हणतो. नदीकाठच्या रस्त्याचे दगड मुळात जहाजांना वजन हवं म्हणून तळाशी भरून आणलेले होते, व्हरांड्याचं छत फिकट निळं रंगवलं की भुतं आत येत नाहीत असं जुने लोक मानत, अशी सगळी माहिती. कुणी तक्रार केली की तिचं तिकीट तयार होतं. ते तपासून बंद करायचं, हे माझं काम. इतिहासात एम.ए. करून शेवटी हेच हाती लागलं. तरी मला ते आवडायचं.

मिस एडिथ ऐंशीच्या पुढच्या. तिकडे वयस्कर बाईच्या नावाआधी, लग्न झालेलं असलं तरी, मिस लावतात. आपण ताई म्हणतो तसं. त्यांचं घर आमच्या ॲपवर एक स्टॉप होतं. ॲप सांगायचं : 'वरच्या खिडकीत लोटी नावाची मुलगी बसायची. तिला पोलिओ झाला, म्हणून घरच्यांनी तिला वेगळं ठेवलं. ती त्याच खोलीत वारली. खिडकीकडे बघून हात हलवा. पडदा हलला तर समजा, तिनं तुम्हाला पाहिलं.'

रोज संध्याकाळी लोक खाली थांबायचे आणि हात हलवायचे. वर मिस एडिथचा पंखा चालू असायचा, त्यामुळे पडदा हलायचाच. मग खाली किंचाळ्या.

"लोटी माझी थोरली बहीण," पहिल्याच फोनवर त्या म्हणाल्या होत्या. बोलणं अर्थात इंग्रजीत, मी आपलं मराठीत सांगतेय. "मला वर जायला बंदी होती. मी खाली घरासमोरच्या चौकात उभी राहून हात हलवायचे, ती वरून हलवायची. एक दिवस तिनं हलवला नाही. आमच्या चर्चमध्ये एक तरुण जुन्या आठवणी गोळा करायला आला होता, त्याला मी हे विश्वासानं सांगितलं. आता रोज परकी माणसं माझ्या जागी उभी राहतात."

माझा थोरला भाऊ इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये लहानपणीच तापानं गेला. आई अजून त्याच्या वाढदिवसाला खीर करते. कशासाठी, ते घरात कुणी विचारत नाही. मिस एडिथ बोलत होत्या आणि मला ती खीर आठवत होती.

पण तिकिटावरचा पहिला प्रश्न मला विचारावाच लागला. "यात चूक काय आहे?"

"काहीच नाही, बाळा. सगळं खरं आहे. तोच तर त्रास आहे."

आमचा नियम असा की माहिती चुकीची असेल तरच काढायची. नियम वाईट नव्हता. तिकडचे काही घरमालक गुलामांच्या खोल्यांचा उल्लेख काढा म्हणून मागे लागायचे, तेव्हा त्याच नियमानं आम्ही त्यांना परत पाठवायचो. मी क्लायंटकडच्या ब्रायनला मेल केला. त्यानं उलट विचारलं, "माहिती खोटी आहे का? नाही ना? मग राहू दे." हा स्टॉप लोकांना सगळ्यात जास्त आवडतो, हेही त्यानं कळवलं.

म्हणून मी निकम सरांकडे गेले होते. सर सटाण्याकडचे, मनानं चांगले. "मॅडम, मला पण वाईट वाटतंय ना. पण सिस्टीमला एवढंच समजतं. दोन ओळी घ्या त्यांच्याकडून, मी लगेच काढतो."

मी फोनवर परत आले आणि तसंच सांगितलं.

"म्हणजे माझी बहीण नव्हती, असं मी म्हणायचं?"

त्यांनी फोन ठेवला. काही दिवसांनी मेल आला. 'या घरात लोटी नावाची मुलगी कधीही नव्हती.' खाली पूर्ण नाव. सरांनी शब्द पाळला, त्याच दिवशी स्टॉप काढला. मी तिकीट बंद केलं आणि आईला उगाचच फोन केला.

पुढच्याच अपडेटला स्टॉप परत आला. ब्रायनच्या लोकांनी तो 'इतिहास'मधून उचलून 'दंतकथा'मध्ये टाकला होता. ॲप आता म्हणत होतं : 'या घरात राहणारी म्हातारी सांगते की लोटी कधी नव्हतीच. काय लपवतेय ती? खिडकीकडे बघून हात हलवा.' गर्दी दुप्पट झाली.

मिस एडिथचा फोन आला. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "आधीचंच परत लाव," त्या म्हणाल्या. "निदान त्यात ती होती."

मी नवं तिकीट तयार केलं. ब्रायनचं उत्तर एका ओळीचं होतं : दंतकथेत खरं-खोटं तपासत नाहीत. ते तिकीट मला न तपासताच बंद करावं लागलं. त्यानंतर मिस एडिथचा फोन आला नाही. स्टॉप अजून आहे.

यंदा कंपनी नाशिकसाठी तसंच ॲप करते आहे. परवा निकम सर माझ्या टेबलाशी आले. "इगतपुरीची जुनी रेल्वे वस्ती पण घ्यायचीय, मॅडम. तुमचं बालपण तिकडचं ना? घरातलं काही असेल तर सांगा. लोकांना असलं लय आवडतं."

"नाही सर," मी म्हटलं. "आमच्या घरात तसं काही झालं नाही. मी एकटीच होते."