केळफूल आणि माझा गोड स्वभाव

ऑफिसने राजोडीच्या एका रिसॉर्टवर आमचं भावनिक बुद्धिमत्तेचं शिबिर घेतलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, मनमिळाऊ, मृदू स्वभावाच्या माणसांना दुसऱ्याचं मन लवकर कळतं. चाचणीत मी पहिली आले. घरी येऊन हे मी सगळ्यांना दोनदोनदा ऐकवलं, अर्थात मृदूपणे.

प्रयोगाला सासरे घरातच होते. सासूबाई गेल्यावर आम्ही आबांना खाडीकाठच्या वाडीतून बोळिंजच्या फ्लॅटवर आणलं आणि त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. अर्धी भाकरी खाल्ली की हात धुवायचे. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पण असंच चाललं तर अंथरूण धरतील. मी धास्तावले. सकाळ-संध्याकाळ जवळ बसून विचारायचे, "आबा, आज मनाला कसं वाटतंय?"

"बरं," म्हणायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे.

रविवारी नालासोपाऱ्याहून थोरल्या जाऊबाई आल्या, वाडीतलं केळफूल घेऊन. जाऊबाईंच्या जिभेला हाड नाही. चाचणीला बसल्या असत्या तर परीक्षकच रडत बाहेर आले असते. चपला काढता काढताच कडाडल्या, "आबा, नुसतं बसून काय राहिलात? हात मोडलेत काय? हे साफ करा. हिच्यावर सोडाल तर भाजी कडू करंल."

मी धावले. "राहू द्या आबा, मी करते," म्हणत सोलायला घेतलं.

"फुलातला कडक दांडा तसाच ठेवलास," आबांनी माझ्या हातातून फूल ओढून घेतलं. मग माझ्या माहेरच्या स्वयंपाकाचा सविस्तर उद्धार झाला. पाठोपाठ चिकाने काळे पडू नयेत म्हणून हातांना लावायला तेल का आणलं नाही म्हणून जाऊबाईंवर घसरले. दोघं तासभर भांडत होते. दुपारी केळफुलाच्या भाजीशी आबांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

मला आनंद झाला आणि रागही आला. जाऊबाई गेल्यावर विचारलंच, "त्या एवढं टाकून बोलतात, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. पन ती घरच्या मानसाशी बोलते. तू पाहुन्याशी बोलतेस. पाहुन्यानं किती दिवस जेवायचं?"

मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी त्यांच्यापुढे आपटली आणि आवाज चढवला, "आबा, नुसतं बसून काय राहिलात? ही निवडा." इथवर उत्तम जमलं होतं. पुढे तोंडातून निसटलंच, "प्लीज."

सासूबाई गेल्यापासून आबा पहिल्यांदा हसले. "जमंल तुला," म्हणाले आणि जुडी सोडायला लागले.