मामाचे जवाईबापू

सशाला अहोजाहो करणारा माणूस साऱ्या भंडारा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा एकोडीचा मामा आहे. माणसांना तो सरसकट अरेतुरे करतो, गावात आलेल्या साहेबालाही "काय गा, चाय पेतं का?" म्हणून विचारतो. पण परसातल्या सशांच्या पिंजऱ्यांपाशी गेला की त्याचा आवाज मऊ व्हायचा, कारण तिथे जवाईबापू राहत. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, मांजराच्या दुप्पट अंगाचा नर. मामाकडची सगळी पिल्लावळ त्याचीच. सशांच्या धंद्यात मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यावं लागतं; उलट केलं तर मादी नराला बोचकारून काढते. ते पाहून मामी म्हणाली होती, "पोरगी सासरी जाते तसंच हाय हे. आपल्याले पोरगी नाही तं काय झालं, जवाई तं भेटला!" पुढे मामी गेली. नाव राहिलं, आणि जावयाचा सगळा मानपान मामाने एकट्याने चालवला.

मानपान म्हणजे किती? लसूणघासाचा कोवळा भारा आधी जवाईबापूंना. घरातला एकुलता एक कूलर जवाईबापूंच्या तोंडाकडे, आणि मामा बाजूला पंच्याने वारा घेत बसलेला. मी रागावले तर म्हणे, "जवाई गरमीनं तडफडन अन् सासरा कूलरपाशी बसन? लोक काय म्हनतीन?" लोक तिकडे ढुंकूनही पाहत नसत. आमच्याकडे भाची आणि जावई ही पाया पडायची माणसं. मी गेले की मामा माझ्या पाया पडे, आणि रोज सकाळी पिंजरा झाडायला वाकला की तोही नमस्कारच धरावा, असं त्याचं म्हणणं होतं. लग्नानंतर नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा मामा आतून ओरडला, "बाई, जवाईबापू उपाशी हायेत, पयले त्यायचं पाहू!" आमचे हे लाजत सावरून बसले, हातही पुसले. मामा गाजरांची ताटली घेऊन त्यांच्यासमोरून परसात निघून गेला. त्या अपमानातून हे अजून पुरते सावरलेले नाहीत.

यंदाच्या उन्हाळ्यात, कूलर आणि ओली पोती असूनही, म्हातारे झालेले जवाईबापू गेले. मामाने फोनवर एवढंच सांगितलं, "जवाई गेले, बाई." शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे मी उगाच एकदा पाहिलं, आणि मग रडले.

भेटायला गेले तर अर्धे पिंजरे उघडे. मामा एकेक मादी देऊन टाकत होता. सगळ्या गेल्यावर त्या घरात हा माणूस बोलणार कोणाशी, याची मला धास्ती वाटली.

"सानगडीच्या बाजारातून दुसरा नर आणा ना मामा," मी म्हटलं.

"जवाई बाजारातून आनते काय कोनी?"

मग माझ्याकडे नागपूरला चला म्हटलं, तर म्हणे, "घास कोन कापन मंग?" सकाळीच कापून आणलेला भारा कोपऱ्यात तसाच पडला होता. कालचाही तिथेच पिवळा पडलेला.

निघताना तो नेहमीसारखा माझ्या पाया पडायला वाकला, आणि उठेचना. गुडघे धरले असतील म्हणून मी खांद्याला हात दिला.

"उठा ना मामा."

"थांब ना बाई," तो खालूनच म्हणाला. "वाकायले आता तूच उरली."

रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजत होता. मी पाय हलवले नाहीत.